शून्यावरचा काटा

रत्नागिरी
सोमवार, १ डिसेंबर २०२५

डॉ. हर्षद मयेकर यांस,

सोमवार, दिनांक १० नोव्हेंबर २०२५, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. तुमच्या दवाखान्यात, तुमच्या डोक्यावरच्या घड्याळात. घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे, तेही मी धरलेलं आहे.

तक्रार लिहिताना तारीख आणि वेळ आधी, रडणं शेवटी, आणि तेही जागा उरली तर, असं आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर अग्नेस सांगायच्या. मी जागा उरू देणार नाही.

त्या वेळी माझी धाकटी बहीण सगुणा तुमच्यासमोर बसली होती. वय चौसष्ट, मधुमेह अकरा वर्षांचा, रक्तदाब सात वर्षांचा. तुम्ही तिच्या दंडाला पट्टा बांधलात, फुगा दाबलात, तबकडीकडे पाहिलंत आणि म्हणालात, "सगुणामावशी, एकशे अठ्ठावीस, अठ्ठ्याहत्तर. फर्स्ट क्लास. तुम्ही माझ्या हुशार पेशंट." ती लाजली. चौसष्टाव्या वर्षी बाई लाजते ती अशाच शेऱ्याला. मग तिनं पाय दाखवले. प्रेशरच्या दुसऱ्या गोळीनं पाय सुजतात म्हणाली. तुम्ही म्हणालात, प्रेशर इतकं छान आहे तर ती गोळी सोडून देऊ, आणि कार्डावर त्या गोळीच्या नावावर रेघ मारलीत. रेघ सरळ आहे. लहानपणी पट्टीशिवाय सरळ रेघ मारायला मीच तुम्हाला शिकवलं होतं.

आठ दिवसांनी, मंगळवारी १८ तारखेला, सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी, सगुणा नारळ खवत होती. उजव्या हातातली कवड सुटून घरंगळत माझ्या पायाशी आली. मी ओरडले, "लक्ष कुठाय गो तुझं?" तिनं वर पाहिलं तेव्हा तोंड एका बाजूला ओघळलेलं होतं. माझ्या तोंडून तिला उद्देशून गेलेलं शेवटचं वाक्य, जे तिला पुरतं समजलं असेल, ते हे. याचा हिशेब मी कुणाकडून तरी घेणार आहे.

सिव्हिलमध्ये प्रेशर भरलं एकशे शहाण्णव, एकशे दहा. झटका आल्यावर ते चढतंच, म्हणून एवढ्यावरून मी तुम्हाला धरलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी हृदयाची सोनोग्राफी केली, लघवी तपासली, आणि मग सगुणाचं तुमच्याकडचं कार्ड मागितलं. एकशे सव्वीस, एकशे अठ्ठावीस, एकशे अठ्ठावीस, एकशे तीस. महिन्यामागून महिने. त्या कार्डाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "आजी, हृदयाची भिंत जाड झालीय, लघवीतून प्रथिनं जाताहेत. साखरेनं प्रथिनं जातातच, पण ही भिंत आठ दिवसांत जाड होत नाही. ही वर्षानुवर्षं प्रेशर वर असल्याची खूण. मग हे आकडे कुठले?"

मी एकतीस वर्षं वजनमापांची निरीक्षक होते. खेडच्या भुसार दुकानांपासून पूर्णगडच्या मासळीपर्यंत या जिल्ह्यातले तराजू माझ्या हाताखालून गेले आहेत. माल खरा आणि वजन खोटं असेल तर दोष कुठे शोधायचा, हे मला कुणी शिकवायला नको. मला त्याच क्षणी तुमची तबकडी आठवली. पितळी कडेची, हिरवट काचेची.

ती शेवटची कधी तपासली होती, ते मला लेखी कळवा. कुणा जाणत्याला दाखवली होती का, हे मी आज विचारत नाही.

सावित्री शिवलकर

ता. क. हे पत्र स्पीड पोस्टानं, पोच घेऊन पाठवत आहे. आपल्या दोन घरांमध्ये एक दगडी गडगा आणि एक फणस आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही पोस्टानं.


शनिवार, १३ डिसेंबर २०२५

डॉ. मयेकर,

पोच आली, उत्तर आलं नाही. म्हणून आज सकाळी मी तुमच्या दारात आले होते. तुमच्या दवाखान्यासमोर तुळसाची चहाची टपरी आहे, तिच्या बाकावर. तो बाक तुमच्या जागेत येत नाही, मी आधी चौकशी केली.

माझ्यासोबत गंगा होती. सिव्हिलमधून निवृत्त झालेली परिचारिका, तुम्हाला पोलिओचे थेंब तिनंच पाजले होते. तिच्याजवळ जुनं पाऱ्याचं प्रेशरचं यंत्र आहे. त्यातली पाऱ्याची उंची मी स्वतः पट्टी लावून तपासली, तीनदा. मग आम्ही दोघी म्हाताऱ्या त्या बाकावर बसलो, आणि शनिवारी तुमच्याकडे जे साखरेचे पेशंट येतात, ते तपासून बाहेर पडले की त्यांना म्हणालो, या, जरा बसा.

बसा म्हणजे खरंच बसा. गंगा कुणालाही पाच मिनिटं बोलू देत नव्हती. तुळसाला चहा द्यायला बंदी, त्यामुळे तुळसा आमच्यावर उखडली. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, बाही दंडाच्या वर, हात टेबलावर छातीच्या पातळीत. तुमच्याकडे तुमचा कंपाउंडर विनोद ब्लाउजच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळतो आणि गुंडाळता गुंडाळता मुलीच्या लग्नाचं विचारतो. विनोद चांगला आहे. चांगल्या माणसांनी या गावाची जितकी वाट लावली तितकी दुसऱ्या कुणी लावली नसेल.

पहिले आले पूर्णगडचे आप्पा. उभा जन्म बोटीवर काढलेला माणूस. तुमच्या कार्डावर एकशे तीस. पाऱ्यावर एकशे बावन्न. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सावित्रीबाय," म्हणाले, "बोटीवर कंपास खोटा निघाला तर आम्ही कप्तानाला विचारत नसू, आधी कंपास समुद्रात टाकत असू."

मी म्हटलं, "टाकू नका. मला हवाय तो."

मग मासळी विकणारी गंगुबाई आली, पाटी उतरवून. दंड एवढा की तुमचा नेहमीचा पट्टा तिला कसा पुरत होता देव जाणे. गंगानं मोठा पट्टा लावला. त्यानंतर आणखी नऊ जण आले. अकरांपैकी दहा जणांचं प्रेशर तुमच्या कार्डापेक्षा वीस-बावीसनं जास्त भरलं, आणि ते दहाही मधुमेहाचे. अकरावा प्रेशरची गोळी न घेताच आला होता, म्हणून त्याचा आकडा आम्ही धरला नाही. "उपाशीपोटी या म्हणून सांगितलंन, तर गोळी कशी घेऊ?" असं त्यानं मलाच विचारलं. साखर उपाशीपोटी बघायची म्हणून प्रेशरची गोळीही तुमच्याकडे येणाऱ्या दिवशी अर्धं गाव घेत नाही, हे तुम्हाला कधी कुणी सांगितलं नाही का? सगुणाही घेत नव्हती. पाण्याच्या घोटाबरोबर ती गोळी घ्यायला हरकत नाही, हे गंगानं आज अकरा जणांना सांगितलं.

म्हणजे त्या दहा तारखेला सगुणा गोळी न घेता तुमच्यासमोर बसली होती आणि तरी तुमचा काटा फर्स्ट क्लास म्हणाला. त्याच वेळी एखाद्या शहाण्या माणसाला संशय यायला हवा होता.

कुणाच्याही गोळीबद्दल आम्ही अवाक्षर काढलं नाही. आम्ही फक्त म्हणालो, परत आत जा आणि डॉक्टरांना पुन्हा मोजायला सांगा. आज तुझ्या दारातून माणसं दोनदोनदा आत गेली. मी बाकावरून मोजत होते. तू खिडकीचा पडदा ओढलास तेव्हा साडेबारा झाले होते.

'तू' लिहिलं गेलं. खोडणार नाही.

सगुणा घरी आली आहे. उजवा हात आणि पाय अजून तिचे नाहीत. बोलणंही नाही. काल दुपारी मी तिला भात भरवत होते, मऊ, लोणच्याशिवाय, तर तिनं गडग्याकडे पाहिलं आणि पंचवीस दिवसांत पहिला शब्द उच्चारला. "हर्षा." तुझी आई शाळेतून येईपर्यंत तुला याच पडवीत सगुणा भात भरवायची, तो तिच्या डोक्यात अजून भरवायचा राहिलाय बहुतेक. माझं नाव नाही आलं. मी वाटी बाजूला ठेवली आणि परसात जाऊन उभी राहिले.

उत्तर दे.

सावित्री


बुधवार, २४ डिसेंबर २०२५

हर्षद,

काल तुझी बायको आली होती. तू पाठवलीस की आपली आपण आली, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. अक्षया गुणी मुलगी आहे. सोबत मोदक आणले होते. मधुमेहाची बहीण घरात असलेल्या बाईकडे मोदक घेऊन येणं हे डॉक्टरच्या बायकोलाच सुचावं. मी ते कामवालीला दिले.

ती म्हणाली, तू नवीन यंत्र आणलंस, बॅटरीवर चालणारं, चांगल्या प्रतीचं. मोठा पट्टाही आणलास. विनोद आता बाही वर करायला सांगतो, पाच मिनिटं बसवतो. मी म्हटलं, उत्तम, म्हणजे बाकावरच्या म्हाताऱ्यांचा उपयोग झाला. मग मी विचारलं, लोकांना काय सांगतो?

अक्षयाला खोटं बोलता येत नाही. पदराशी चाळा करत म्हणाली, "थंडीनं प्रेशर वाढलंय, असं सांगतात. म्हणून गोळ्या वाढवतात."

थंडीनं. रत्नागिरीच्या थंडीनं, जिला आम्ही स्वेटर नाही, चादरसुद्धा दोनदा विचार करून काढतो.

हर्षद, तबकडी खोटी निघाली ही चूक. चूक कुणाचीही होते. पण हे तू जाणूनबुजून करतो आहेस. आप्पांसारख्या माणसाला तू थंडीचं कारण दिलंस, की तो काय करील माहीत आहे ना? फेब्रुवारीत ऊन तापलं, आंब्याला कैऱ्या दिसायला लागल्या, की तो म्हणेल थंडी गेली, आणि वाढवलेली गोळी आपली आपण बंद करील. गंगुबाई तर संक्रांतीलाच करील. त्यांच्या कार्डांवर मागच्या सगळ्या महिन्यांचे आकडे छान आहेत, म्हणून त्यांची लघवी कुणी तपासली नाही, डोळ्यांचे पडदे कुणी बघितले नाहीत. साखर आणि प्रेशर दोन्ही मिळून आतून काय खातात ते तू शिकलास, मी नाही. तरी मला कळतं आणि तुला कळत नाही, असं मी मानायला तयार नाही. तुला कळतं. तुला पाटीवरच्या नावाची भीती वाटते.

जाताना अक्षया उंबऱ्यात थांबली. म्हणाली, "मावशी, ते म्हणाले तुम्हाला एक विचारायचं. ती तबकडी पडली होती तेव्हा ते ती घेऊन तुमच्याकडे आले होते. तुम्ही काय म्हणाला होतात?"

मला आठवत नाही, असं मी तिला सांगितलं.

तुलाही तेच सांगते. माझं वय एकाहत्तर. माझ्याकडे शेकड्यानं लोक काटे घेऊन आले.

सावित्री


शुक्रवार, ९ जानेवारी २०२६

हर्षद,

अक्षया परवा पुन्हा आली. या वेळी मोदक नव्हते, टॉवेलात गुंडाळलेली ती तबकडी होती. तू कचऱ्यात टाकलीस, तिनं उचलली. तिला ओरडू नकोस. तुझ्या घरात त्या दिवशी शहाणं माणूस तीच होतं.

मी आणि गंगानं काल ती तपासली. एकाच फुग्याला दोन नळ्या जोडल्या, एक पाऱ्याला, एक तुझ्या तबकडीला. म्हणजे वारा एकच, साक्षीदार दोन. पारा शंभरावर होता तेव्हा तुझा काटा ब्याऐंशीवर. पारा दीडशेवर, तुझा काटा एकशे अठ्ठावीसवर. एकशे अठ्ठावीस. तेच फर्स्ट क्लास. वारा सोडला आणि काटा परत आला, नेमका शून्यावर, एखाद्या सद्गृहस्थासारखा.

तबकडीच्या पितळी कडेवर, खालच्या अंगाला, सुरीच्या टोकाचे दोन ओरखडे आहेत. काच उघडून काटा हातानं शून्यावर बसवल्याची खूण. ती खूण काल मी पहिल्यांदा पाहिली नाही.

तारीख आणि वेळ आधी. गुरुवार, १४ एप्रिल २०२२, सायंकाळी सहा. माझी पडवी.

तू आंजर्ल्याहून आला होतास, गणपतीला अक्षयाशी लग्न ठरल्याचा नारळ ठेवून. प्रसाद दिलास, पाया पडलास. मग पिशवीतून तबकडी काढलीस. म्हणालास, "मावशी, ही पडली होती. काटा शून्याच्या खाली जाऊन बसला होता, विनोदनं काच उघडून शून्यावर आणला. तुझ्याइतकं यातलं कोण जाणतं? चालेल ना?"

मला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं. ज्या दुकानदारांच्या छातीत माझ्या पावलांनी धडकी भरायची, ते आता मला 'आजी, रांगेत या' म्हणत. आणि तू विचारलंस, डॉक्टर झालेला मुलगा, सगुणासमोर. मी तबकडी हातात घेतली. उजेडाकडे धरली. ओरखडे दिसले.

हा प्रकार मी पहिल्या महिन्यात शिकले होते. पडलेला काटा आत वाकतो, ताणाच्या जागी कमी दाखवतो. मग दुकानदार काच उघडतो, काटा शून्यावर टेकवतो आणि निरीक्षकाला म्हणतो, बघा बाई, बरोबर शून्यावर आहे. मी एकतीस वर्षं त्यांना एकच उत्तर दिलं, की रिकामं असताना सगळेच प्रामाणिक असतात, वजन ठेव मग बघू. मी अशी कितीतरी मापं जप्त केली. एका मासळीवालीला तर मी बाजारात रडवलं होतं.

त्या संध्याकाळी मी वजन ठेवलं नाही. ठेवायला पारा नव्हता घरात, हे खरं. दुसऱ्या दिवशी गंगाकडे जाता आलं असतं, हेही खरं. मी तबकडी तुला परत दिली आणि म्हणाले, "चालेल." सगुणा किती कौतुकानं माझ्याकडे बघत होती. पुढची साडेतीन वर्षं तिनं त्याच काट्यासमोर हात पसरला.

आता तुला वाटत असेल, सुटलो. अक्षयाला तू तेवढंच कबूल करून घ्यायला पाठवलं होतंस. सुटला नाहीस. मी डॉक्टर नव्हते. सगुणाच्या दंडाला पट्टा मी बांधला नाही, गोळीवर रेघ मी मारली नाही. काटा पडला त्याच दिवशी फेकायला हवा होता, नवीन घ्यायला तुझ्याकडे काही कमी नव्हतं, आणि एका म्हातारीच्या 'चालेल'वर चाळीस माणसांचा जीव टांगायला तू काही खोताचा कारकून नव्हतास. माझा राग एका तोळ्यानंही उतरलेला नाही. फक्त आता तो दोन पारड्यांत आहे.

म्हणून ऐक मला काय हवंय.

तुझ्या दवाखान्याच्या दारावर, पाटीच्या खाली, मराठीत, मोठ्या अक्षरात एक सूचना लागली पाहिजे. एप्रिल २०२२ ते डिसेंबर २०२५ या काळात इथे मोजलेलं प्रत्येकाचं प्रेशर खोटं होतं, ते खऱ्यापेक्षा वीस-बावीसनं कमी दिसत होतं. थंडीचा काही संबंध नाही. वाढवलेली गोळी ऊन पडलं तरी बंद करायची नाही. साखरेच्या प्रत्येक पेशंटनं पुन्हा यावं, त्याचं प्रेशर नीट बसवून मोजलं जाईल, लघवी आणि डोळे तपासले जातील. जे येणार नाहीत त्यांच्याकडे तू स्वतः जायचं. आप्पांकडे आधी. गंगुबाई बाजारात भेटेल, सगळ्यांसमोर भेट.

खाली दोन नावं. यंत्र वापरणारा, डॉ. हर्षद मयेकर. यंत्र न तपासता चालेल म्हणणारी, सावित्री शिवलकर, निवृत्त निरीक्षक. माझं नाव लहान अक्षरात घालशील तर मी ते खडूनं मोठं करीन. रंगाऱ्याला मी सांगून ठेवलंय, मजकूरही दिलाय. काना-मात्रा त्याच्या भरवशावर सोडलेल्या नाहीत.

सगुणाबद्दल. रोज सकाळी मी पाऱ्याचं यंत्र उघडलं, की ती न सांगता डावा हात पुढे करते. बाही स्वतःच वर सारते. मी मोजते, आकडा मोठ्यानं वाचते, आणि ती माझ्या तोंडाकडे बघते, फर्स्ट क्लास ऐकायची वाट बघत. मी म्हणत नाही. आज एकशे चौतीस होतं, म्हणाले, एकशे चौतीस. तिला राग आला. ती अजून रोज एकदा तुझं नाव घेते आणि गडग्याकडे बघते. तू आलास तर ती तुला माफ करील, तिच्यात तेवढं शहाणपण नाही. ते तुमच्या दोघांत. त्यात मला ओढू नका. आणि सूचना लागल्याशिवाय गडगा ओलांडू नकोस.

मला लेखी उत्तर हवं. फोन नको, अक्षया नको, प्रसाद नको. कागदावर, तारीख आणि वेळ घालून, तुझ्या सहीनं. शनिवार, ३१ जानेवारी २०२६, दुपारी बारापर्यंत, माझ्या घड्याळात. ते बरोबर आहे, मी काल लावून घेतलं. बारा वाजून एक मिनिटानं तुळसाच्या बाकावर मी ही तबकडी आणि पारा, दोन्ही मांडीन आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फुगा दाबायला देईन, म्हणजे ज्याला त्याला आपल्या डोळ्यांनी दिसेल. आधी तुझं नाव सांगेन. मग माझं.

सावित्री शिवलकर